मागच्या सीटवरचे आबा

"आबांच्या मनातलं मला त्यांच्या पिसांवरून कळतं," असं ड्रायव्हिंग स्कूलच्या बाई भेटेल त्याला सांगत. आबा म्हणजे त्यांचा आफ्रिकन पोपट. अंग राखाडी, शेपूट लालभडक आणि नजर अशी, की समोरच्याने नकळत शर्टाचं वरचं बटण लावावं. म्हणून नाव आबा आणि म्हणूनच अहोजाहो. डोळ्यांतली बाहुली बारीक-मोठी व्हायला लागली की बोट पुढे करायचं नाही, चोच चोचीवर घासली की झोप आलीय, हे सगळं बाईंना तोंडपाठ होतं.

त्यामुळे आबा छातीवरची पिसं उपटायला लागले, तेव्हा निदानही बाईंनीच केलं. त्वचा कोरडी पडलीय. दिवसातून दोनदा पाण्याचा फवारा सुरू झाला. आठ दिवसांत आबा उसवलेल्या उशीसारखे दिसू लागले.

शेवटी पक्ष्यांचे डॉक्टर गाठले. त्यांनी आबांचं वजन केलं, पंख उघडून पाहिले आणि विचारलं, "दिवसभर हे काय करतात?"

"पिंजऱ्यात असतात. मी शिकवायला जाते ना."

"किती तास?"

"आठ. हल्ली दहा."

"यांना काही झालेलं नाही, कंटाळलेत. लहान मुलाइतकी अक्कल असते या पक्ष्याला. दहा तास भिंतीकडे बघत बसवलं तर तुम्हीसुद्धा केस उपटाल. कुरतडायला लाकूड द्या, खाऊ शोधायला लावा आणि माणसांत ठेवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिकवणीच्या गाडीत, मागच्या सीटवर, पिंजऱ्याला पट्टा लावून आबा विराजमान झाले.

तेव्हा बाईंकडे पोस्टातले एक कारकून शिकत होते. तीनदा नापास झालेले. बदली झालेल्या गावाला बस जात नव्हती आणि महिनाअखेर तिथे हजर व्हायचं होतं. स्टिअरिंग ते असं धरत, जणू ते कुणी हिसकावून नेणार आहे.

तीन आठवड्यांत दोघांचीही प्रगती झाली. आबा मऊ लाकडाचे तुकडे पाडत, कागदाच्या पुड्या सोडवून आतले दाणे शोधत आणि ऐकत. छातीवर कोवळी लव आली. आणि एक दिवस मागून हुबेहूब बाईंचा आवाज आला, "आरसा बघा." कारकुनांनी मुकाट्याने बघितला. पुढे आवाज कुणाचा, हे त्यांनी विचारणंच सोडलं. कुणीही सांगो, ते ऐकत.

परीक्षेच्या दिवशी बाईंनी गाडी झाडाखाली लावली, काचा उघड्या ठेवल्या, आबांच्या दुपारच्या झोपेसाठी पिंजऱ्यावर कापड टाकलं आणि त्या कागदांवर सह्या करायला आत गेल्या. परीक्षक लवकर आले. गाडीत बसले आणि स्टिअरिंगवरच्या कारकुनांना म्हणाले, "चला."

बाई बाहेर येतात तर गाडी नाही. मैदानाच्या टोकाला ती दिसली. दर वळणावर थबकत होती. थोड्या वेळाने परत आली आणि परीक्षक दार आपटून उतरले.

"फोन कुठे लपवलाय?"

"कसला फोन?"

"मागून तुमचा आवाज येतोय. आरसा बघा, क्लच हळू. परीक्षेत बाहेरून सूचना दिल्या तर शाळेचा परवाना जातो, माहीत आहे ना?"

बाईंनी पुढे होऊन कापड उचललं. आबांनी परीक्षकांना नखशिखान्त न्याहाळलं आणि बाईंच्या आवाजात सांगितलं, "घाबरू नका. पहिल्यांदा सगळ्यांचंच असं होतं."

परीक्षकांनी बाईंच्या हातातलं कापड घेऊन पुन्हा पिंजऱ्यावर टाकलं. मग कारकुनांकडे वळून म्हणाले, "मागे पोपट आहे हे सांगता येत नव्हतं?"

"परीक्षेत बोलायचं नाही, असं बाईंनी बजावलंय."

परीक्षा पुन्हा झाली. बाई पिंजरा मांडीवर घेऊन बाकावर बसल्या. आबांच्या सूचना स्वतःशीच पुटपुटत कारकुनांचे ओठ हलत होते, पण गाडी कुठेच अडखळली नाही. मागे घेतानासुद्धा चाक रेषेबाहेर गेलं नाही. पास!

बाईंची मान अभिमानाने ताठ झाली. कारकून जवळ आले. "बाई, खरं सांगू? आबांमुळे जमलं."

"आबा माझंच बोलतात की."

"हो. पण दहाव्यांदाही तेवढ्याच शांतपणे सांगतात. तुम्ही तिसऱ्या वेळी दातओठ खाता."

यावर बाई काही बोलणार, तोच आबा जाळीशी सरकले, कारकुनांपुढे मान खाली घातली आणि मानेची पिसं फुलवली. म्हणजे खाजवा. पोपटाने माणसावर टाकलेला सर्वांत मोठा विश्वास. बाईंना तो मिळायला दोन वर्षं लागली होती. कारकुनांनी बोट आत घातलं, आबांनी डोळे मिटले.

"पोपट कुणाचा?" जाता जाता परीक्षकांनी विचारलं.

"माझा," बाई ठसक्यात म्हणाल्या. "आणि हे विद्यार्थीही माझेच."

मग कुणाचं लक्ष नाही असं बघून त्यांनी आपलंही एक बोट हळूच आत सरकवलं. आबांनी डोळे न उघडता ते चोचीने बाजूला सारलं.