शेवंताक्कांचं एक वाक्य

अनोळखी माणसाच्या बुटाची नाडी सुटलेली दिसली, की शेवंताक्का रस्ता ओलांडून त्याला सांगायला जातात. एकदा रायापूरच्या स्टॉपवर त्यांनी हात आडवा करून निघालेली बस थांबवली. मला वाटलं, चढायचं असेल. अक्का ड्रायव्हरच्या खिडकीखाली जाऊन म्हणाल्या, "अण्णा, मागचं चाक बसलंय. नंतर म्हणू नका, कुणी सांगितलं नाही." आणि परत येऊन बाकावर बसल्या. त्यांना वेगळ्याच बसनं जायचं होतं.

ड्रायव्हर हसला आणि निघून गेला. अक्कांचं ऐकून कुणी थांबल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

जुन्या हुबळीत त्या माझ्या शेजारी राहतात. एकट्याच. जवळच्याच बेलूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पॅकिंगला जातात. जाताना सगळ्या गल्लीला काही ना काही बजावून जातात. कुणाच्या गॅसची नळी जुनी झालेली असते, कुणाचं पोर गच्चीच्या कठड्यावर वाकलेलं असतं.

गेल्या वर्षी आमच्या मंडळानं नाटक बसवलं. जुन्या घाटणीची शोकांतिका, लिहिली मीच. राजा रुसलेल्या भावाकडे जेवायला निघतो, वेशीवर भविष्य सांगणारी म्हातारी त्याला अडवते, तो हसतो, जातो आणि मारला जातो. म्हातारीसाठी दुसरं कोण आठवणार?

"आपण भविष्य मानत नाही, सर," अक्का म्हणाल्या. "विहारात काय तोंड दाखवू?"

"मग रोज लोकांना सांगता ते काय?"

"ते भविष्य नव्हे. ते दिसतं."

शेवटी तयार झाल्या, पण पत्रिका नाही, पोपट नाही, कवड्या नाहीत. नुसतं सांगणार.

वाक्य एकच होतं: "राजा, आज वेशीबाहेर पडू नकोस." एवढं बोलून बाजूला व्हायचं. अक्कांना वाक्य पहिल्याच दिवशी पाठ झालं. बाजूला होणं काही जमेना.

"बाजूला कशी होऊ? तो मरणार आहे ना?"

"मरणारच, अक्का. शोकांतिका आहे ती."

"मग नीट समजावायला नको? एका वाक्यात कोण ऐकतंय?"

मी शिक्षक माणूस. त्यांना समजावलं, की भविष्य सांगणाऱ्यानं राजाला थांबवायचं नसतं, प्रेक्षकांच्या पोटात गोळा आणायचा असतो. त्यांनी मान डोलावली. तरी राजाचं काम करणाऱ्या महेशला, म्हणजे आमच्या गल्लीतल्या वायरमनला, रोज विचारायच्या, "तिकडं जेवायला जातोसच कशाला रे? घरून डबा ने की."

प्रयोगाला हॉल भरला होता. पहिल्या अंकात निम्मे लोक मोबाइलमध्ये होते. अक्का आल्या, वाक्य बोलल्या. महेश शिकवल्याप्रमाणे हसला आणि वळला. अक्का बाजूला झाल्या नाहीत. त्या पळत जाऊन त्याच्यासमोर दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या.

"हसू नकोस. ऐक माझं."

हे मी लिहिलेलं नव्हतं. विंगेतून मी त्यांना बाजूला व्हायच्या खुणा करू लागलो. महेश हुशार, त्यानं सावरून घेतलं, "बाजूला हो, म्हातारे!" तशी अक्कांनी त्याचा शेला मुठीत धरला आणि खाली बसल्या. राजाला अरे-तुरे करणारी म्हातारी एकदम अहो-जाहोवर आली, मराठीवरून कन्नडवर आली.

"होगब्याड्री! जाऊ नका हो! पाया पडते, होगब्याड्री!"

हॉलमधले मोबाइल खाली गेले. मग मागून कुणीतरी ओरडलं, "राजा, होगब्याड!" मग बायका. मग सगळा हॉल. महेश नंतर मला म्हणाला, "सर, एक क्षण वाटलं, राहूनच जावं. तुमचा तिसरा अंक गेला खड्ड्यात." पण त्यानं त्यांची मूठ एकेक बोट करून सोडवली आणि तो गेला. तिसऱ्या अंकात राजा पडला तेव्हा नुसत्या चहासाठी आलेली माणसंही डोळे पुसत होती. चार महिने खपून मी ते नाटक लिहिलं. त्यातली सगळ्यात चांगली वाक्यं माझी नव्हती.

पडदा पडला. टाळ्या थांबेनात, आणि अक्का कुठं दिसेनात. मेकअपच्या खोलीत डोकावलो. महेश खुर्चीवर बसला होता आणि अक्का ओल्या टॉवेलनं त्याच्या मानेवरचा लाल रंग पुसत होत्या.

"रंग आहे हो अक्का, जाईल."

"माहीत आहे मला." हात थांबला नाही. मग माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, "आमच्या ह्यांच्या अंगात ताप होता त्या दिवशी. मोटारसायकल काढली तेव्हा मी म्हटलं, जाऊ नका. एकदाच म्हटलं. हळूच. घरात पाहुणे होते."

महेशनं मान आणखी खाली वाकवली आणि तसाच बसून राहिला.

बाहेर "अक्का! अक्का!" सुरू झालं होतं. "चला," मी म्हटलं. त्यांनी हात धुतले, पदर नीट केला आणि पडद्याबाहेर गेल्या. हॉल उठून उभा होता. पहिल्या रांगेत त्यांच्या पॅकिंगच्या बायका खुर्च्यांवर चढून शिट्ट्या मारत होत्या. कुठं बघावं ते अक्कांना कळेना. त्यांनी हात जोडले आणि नेहमीच्या, साध्या आवाजात म्हणाल्या, "जयभीम."

सगळ्या हॉलनं एका आवाजात उत्तर दिलं. छपराचे पत्रे हादरले.