झबल्याच्या खिशातले यंत्र

बैठक सुरू होण्यास थोडाच अवधी उरला असताना फूटपट्टीकाका हातातले कागद तसेच टाकून उठले. आरोग्य खात्याच्या संशोधन विभागात आकडेमोड करणाऱ्या या गृहस्थांना सगळी कचेरी याच नावाने ओळखत असे, कारण त्यांचे सारेच मोजूनमापून असे. तान्ह्या बाळांच्या आईवडिलांना भरपगारी रजा द्यावी की नाही, हे आज समिती ठरवणार होती. प्रस्ताव काकांच्या विभागाच्या संचालकबाईंचा होता आणि त्यासाठीचा पुरावा काकांनी जमवला होता. बाळाच्या झबल्याच्या खिशात आवाज टिपणारे छोटे यंत्र दिवसभर ठेवायचे आणि मोठी माणसे कामावर असताना आणि सुटीवर घरी असताना बाळाशी किती बोलले जाते ते मोजायचे, अशी पद्धत होती.

ऐन वेळी एक कुटुंब गळले. संख्या अपुरी पडू नये म्हणून काकांनी स्वतः सुटी काढून आपल्या नातीच्या झबल्यात यंत्र सरकवले. त्या दिवशी आपण घरात काय काय बोललो, हा प्रश्न मात्र त्यांना आत्ता पडला. त्यांनी जिन्याखाली जाऊन पत्नीला फोन लावला.

"अगं, यंत्राच्या दिवशी मी कोणाबद्दल काही वावगं बोललो होतो का?"

"कोणाबद्दल बोलायचं राहिलं, ते विचारा."

"हळू बोल! संचालकबाईंबद्दल?"

"त्यांचं नाश्त्यालाच झालं. समितीच्या अध्यक्षांचा नंबर पोरीच्या अंघोळीनंतर, पावडर लावताना लागला."

"मग थांबवायचं नाही का मला?"

"मला काय माहीत? पोरीशी बोलत होतात. तुमच्या कचेरीच्या कहाण्या ऐकायला दुसरं आहे कोण घरात?"

काकांनी फोन ठेवला. यंत्रावर विश्वास बसावा म्हणून चिठ्ठी काढून एका घराचे संभाषण समितीला ऐकवावे, हा नियम त्यांनीच लिहिला होता आणि वर अधोरेखितही केला होता. एवढ्या घरांत आपलेच निघण्याची शक्यता नगण्य आहे, असे ते मनाला बजावत आत गेले.

अध्यक्षांनी सुरुवातीलाच फाटे फोडले. "रजा द्यायला हरकत नाही हो, पण पुरावा तोकडा वाटतो. आधी अधिकाऱ्यांच्या घरी यंत्रं लावा. सुरुवात माझ्या नातवापासून! मग पुढच्या वर्षी बघू."

संचालकबाईंचा चेहरा पडला. त्यांनी चिठ्ठी काढली आणि घराचा क्रमांक वाचला. तो काकांच्याच घराचा होता. काका घाईने पुढे झाले.

"बाई, यंत्र जरा तापलंय..."

"तापू दे. लावा."

खोलीत काकांचाच आवाज घुमला. "अले अले, आजोबांच्या बाई कशा बघतात? कपाळाला आठ्या घालून! दाखव बघू आठ्या? आणि अध्यक्ष बैठकीत काय करतात? घोर्र... फूस्स! घोर्र... फूस्स!" त्यावर बाळ खदखदून हसले. बैठकीत मात्र कोणी हसले नाही. बाईंच्या कपाळावर तंतोतंत त्याच आठ्या उमटल्या होत्या.

"आवाज ओळखीचा वाटतो," अध्यक्ष म्हणाले.

काका उठले. "माझाच आहे, साहेब."

"एवढं सगळं टिपतं हे?"

"स्वयंपाकघरातलंसुद्धा, साहेब. दाराआडचंही." थापा मारणे काकांच्या स्वभावातच नव्हते. "आपल्या घरी कधी आणून लावू?"

अध्यक्षांनी पाण्याचा पेला एका दमात रिकामा केला. त्यांच्या घरी सून होती, सुनेची आई मुक्कामाला होती, आणि मुख्य म्हणजे ते स्वतः होते.

"छे, छे! अधिकाऱ्यांना कशाला उगाच तसदी? माणूस पोराशी किती बोलतो, हे आत्ताच ऐकलं की. पुरावा भक्कम आहे. रजा मंजूर!"

भराभर हात वर झाले. एका सदस्याने तर दोन्ही हात वर केले.

खोली रिकामी झाली, तरी काका खुर्चीला खिळून होते. आता आपली नोकरी जाणार की नुसती बदलीच होणार, याचा ते अंदाज बांधत होते. बाई त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"अशी यंत्रं अजून किती आहेत आपल्याकडे?"

"पेटीभर असतील, बाई."

"बाळांच्या लशींचा प्रस्ताव याच समितीकडे कधीचा अडकलाय. त्या बैठकीला एक घेऊन या."

"कोणाचं संभाषण ऐकवायचं?"

"ऐकवायचं काही नाही. नुसतं टेबलावर ठेवायचं."