जळक्या हलव्याची पारख

बोरी अरबला मोहिउद्दीनचाचांच्या घरात महिनाभर दोन माणसं भांडत होती आणि तिसरं गप्प बसलं होतं. भांडणारी दोघं म्हणजे त्यांचा मुलगा तनवीर आणि सून अतिया. गप्प बसलेलं माणूस म्हणजे खुद्द चाचा. आणि चाचा गप्प आहेत ही बातमी गावात पसरली, तेव्हा दोघे जण त्यांच्या तब्येतीची चौकशी करून गेले.

कारण साधं होतं. कापसाची सालामागून सालं बुडत चालली होती. जिनिंगच्या फाटकापासून वेशीपर्यंत जिथं गाड्यांची रांग लागायची, तिथं आता शेळ्या रवंथ करत बसत. जिनिंगचे पट्टे आणि बेअरिंगं सांभाळण्यात केस पांढरे केलेले चाचा घरी बसले आणि त्यांच्या हाताखाली शिकलेला तनवीरही बसला. मग तनवीरला पुसदला मोटरी रिवाइंड करायच्या दुकानात काम लागलं. जायचं ठरलं. राहायचं कुठं, ते ठरेना.

"नूर कॉलनी," तनवीर म्हणे. "दुकान जवळ, मस्जिद जवळ, आपले लोकं जवळ."

"आपले लोकं जवळ, म्हणूनच नको," अतिया म्हणे. "दिवसातून तीनदा येतीन अन् गंजावरचं झाकण काढून पाहतीन. मले सातपुते ले-आऊट पाह्यजे. समोर मैदान आहे. शादाब अन् अस्मा पायी शाळेत जातीन."

"तिथं आपल्याले ओळखते कोण?"

"इथं ओळखते त्याइनं काय सोनं देलं?"

चाचांना कोणी विचारलंच नव्हतं, असं मात्र नाही. तनवीरनं विचारलं होतं. पण विचारलं ते चहाच्या टपरीवर, चार टाळकी बसलेली असताना. आणि चार टाळकी दिसली की चाचांच्या जिभेला चाकं लागत. "बोरीतून मोहिउद्दीनचा जनाजाच निघन," ते गरजले. "पुसद काय, दिल्लीचं तख्त देलं तरी मी हलत नाही!" टपरीवाल्यानं त्या बोलण्यावर फुकट चहा पाजला. तनवीर बापाचा शब्द खाली पडू देणारा मुलगा नव्हता. त्यानं पुन्हा विचारलं नाही. आणि त्या दिवसापासून चाचा गुपचूप वाट पाहत होते की कोणीतरी आपल्याला दुसऱ्यांदा विचारावं.

लेकरं निघून गेल्यावर त्या घरात काय उरणार? एक खाट, एक मडकं आणि त्यांचा स्वतःचा खोकला. तेव्हा त्यांनी विचार केला: आपल्याला जाता येत नाही, तर यांनाही जाऊ द्यायचं नाही.

"भांडता कायले?" एका सकाळी ते म्हणाले. "तुमची अम्मी काय म्हणे? घर पाहू नका, मोहल्ला पाहा. पहिल्या दिवशी शेजारी ताटली पाठवा. भरून वापस आली तर राहा, रिकामी आली तर पुढं चाला. दोन्ही घरं रिकामीच आहेत. मी आठ दिवस जाऊन पारख करतो."

सुग्राबीचं नाव निघालं की त्या घरात वाद संपत असे. अल्ला तिला जन्नत देवो, तिच्या ताटल्यांच्या जोरावर तिनं निम्मी बोरी बांधून ठेवली होती. चाचा एक वळकटी, एक स्टोव्ह आणि दोन्ही घरांच्या किल्ल्या घेऊन बसमध्ये बसले.

नूर कॉलनीतलं घर उघडलं तर चुन्याचा वास आणि त्यांच्याच चपलांचा आवाज. खोलीत काहीच नसल्यानं साधं "या अल्ला" म्हटलं तरी भिंती उलटून "या अल्ला" म्हणत. चाचा कामाला लागले. कढईत रवा टाकला आणि स्वतः ओट्याकडे पाठ करून बिडी ओढत बसले. रवा लाल झाला, मग तपकिरी झाला, मग त्यानं रंगांची यादीच संपवली. मग त्यात साखर पडली, आणि साखरेच्या वर मूठभर मीठ. त्या धुरानं म्हणे पूस नदीवरच्या बगळ्यांनी त्या दिवशी वाट बदलली. हा हलवा खाऊन जो ताटली भरून पाठवील, तो माणूस नव्हे, फरिश्ता असेल, याची चाचांना खात्री होती.

अर्धा हलवा त्यांनी शेजारच्या हमीदाबीला दिला. उरलेला भाड्यानं घेतलेल्या सायकलच्या हँडलला अडकवून गावाच्या दुसऱ्या टोकाला सातपुते ले-आऊटमध्ये नेला. तिथल्या घराचे मालक विठ्ठलराव आणि इंदुताई पुढच्याच भागात राहत. फुलसावंगीची शेती बटईनं देऊन नातवंडांच्या शाळेसाठी इथं आलेले. नातवंडं शिकून पुण्याला गेली आणि हे दोघे तिथंच राहून गेले.

संध्याकाळी हमीदाबी दारात हजर. ताटली भरलेली, वरून रुमाल झाकलेला. आत गुलगुले, गरम; ताटलीत न मावलेले तिच्या काखेतल्या गंजात.

"चाचा, बुरा नका मानू," ती म्हणाली, "तुमचा हलवा बकरीनंबी खाल्ला नाही. गरीब जनावर दोन पाय मागं सरकलं."

"मग ताटली भरून काहून आणली?"

"आणू नको तं काय करू? या कॉलनीत आल्यापासून कोणाच्या घरून काहीच आलं नव्हतं. सगळे आपापल्या गावाहून उठून आलेले. पह्यले कोणी द्यावं, म्हणून सगळे बसले होते. तुमी देलं." तिनं रुमाल उचलून खांद्यावर टाकला. "पण चाचा, खरंच भल्लं खराब होतं."

तिकडे ले-आऊटमध्ये इंदुताईंनी पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा डबाभर दिला. "हलवा फार छान होता हो," त्या म्हणाल्या. विठ्ठलराव मागून तांब्यावर तांबे पाणी पीत होते, पण त्यांनीही मान डोलावली.

इथून चाचांचं गणित चुकत गेलं. कारण आता ताटलीबरोबर त्यांच्याकडे दुसऱ्यांची भांडीही आली होती, आणि भांडं रिकामं परत करणं म्हणजे सुग्राबीच्या कबरीसमोर तोंड काळं करणं. पुन्हा हलवा करावा तर रवा संपलेला, आणि कढईच्या बुडाची तर आशाच सोडलेली. चाचांनी दोन्ही भांड्यांकडे पाहिलं. मग हमीदाबीचे गुलगुले त्यांनी इंदुताईंच्या डब्यात भरले, इंदुताईंचा पातोडीचा रस्सा हमीदाबीच्या गंजात ओतला आणि सायकलवर टांग टाकली.

"मायबाई!" इंदुताई म्हणाल्या. "चाचा, तुमच्या हाताले काय चव आहे हो! काल असं नव्हतं बाप्पा."

"काल स्टोव्ह नवा होता," चाचा म्हणाले.

"आता कसं?" हमीदाबी बोटं चाटत म्हणाली. "शिकले न! मी सांगतलं म्हणून शिकले."

आता दोन्हीकडून अधिक येऊ लागलं. हमीदाबीनं ऐकलेलं तिच्या गल्लीनं ऐकलं, इंदुताईंनी चाखलेलं ले-आऊटच्या तीन ओळींनी चाखलं. इकडून खीर आली की तिकडे जाई, तिकडून ठेचा-भाकर आली की इकडे येई. चाचा हँडलला चार, कॅरिअरला तीन आणि कधीकधी एक दातात धरून सायकल हाकत. पुसदच्या चौकातला हवालदार त्यांना पाहून आपणहून शिट्टी वाजवी आणि बाकीची वाहनं थांबवी. दोन्ही टोकांना एकच बोलणं सुरू झालं: बोरीच्या चाचांचा काय हात आहे!

मात्र जेवताना चाचा एकटेच. भोवती आठ घरचं अन्न, मधे एक म्हातारा. अस्मा असती तर तिनं गुलगुला बोटात अंगठीसारखा घातला असता. शादाबनं भाकरीचा पापुद्रा आधी खाल्ला असता. चाचा घास तोंडापर्यंत नेत आणि भिंतींकडे पाहून म्हणत, "घ्या न." भिंती म्हणत, "घ्या न."

आठवडा भरल्यावर तनवीर आणि अतिया लेकरांना घेऊन पारखीचा निकाल ऐकायला आले. चाचांनी ठरवलं होतं, दोन्ही मोहल्ले नापास म्हणून सांगायचं. नूर कॉलनीत त्यांनी तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात हमीदाबी आली.

"तूच का अतिया? नशीबवान आहेस बेटा! सासऱ्याच्या हातचा पातोडीचा रस्सा रोज खात असशीन."

अतियानं सासऱ्याकडे पाहिलं. या माणसानं घरी आजवर फक्त एकदा चहा केला होता आणि त्यात पत्ती विसरला होता.

"अब्बा?"

चाचा छताकडे पाहत होते. नेमके तेव्हाच फाटकात विठ्ठलराव आणि इंदुताई रिक्षातून उतरले. चाचांचं कुटुंब आल्याचं कळल्यावर त्यांना जेवायला न्यायला आले होते. "चाचांसारखे गुलगुले आमच्याइकडं कोणाले जमत नाही," इंदुताई सांगू लागल्या. हमीदाबीनं कान टवकारले. "आणि रस्सा तं माह्याच तोंडाले लागला," ती म्हणाली. इंदुताईंनी कान टवकारले. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, मग चाचांकडे, मग पुन्हा एकमेकींकडे.

"बडीशेप टाकता का गुलगुल्यात?" इंदुताईंनी विचारलं.

"जराशीच. अन् रश्श्यात खोबरं भाजून?"

"भाजून."

आणि दोघी अशा हसल्या की शादाब-अस्मा घाबरून आईच्या पदरात शिरले. विठ्ठलराव भिंतीला टेकले. "म्हंजे आठ दिवस," ते म्हणाले, "हमाल होता काय हो तुमी?"

मग हमीदाबीनं जळक्या हलव्याचीही गोष्ट सांगितली, इंदुताईंनी तो कसाबसा गिळल्याचं कबूल केलं, आणि चाचांची पारख अशी उघड्यावर फुटली. पण खरी आफत पुढेच होती. "मी ठरवलं," अतिया म्हणाली. "नूर कॉलनी! ज्या बाईनं पह्यल्या दिवशी तोंडावर सांगतलं की हलवा खराब आहे, तिच्या शेजारी लेकरं वाढवाचे."

"नाही नाही," तनवीर म्हणाला, "सातपुते ले-आऊट! ओळख ना पाळख, तरी जळका हलवा गोड मानून खाल्ला. अशे माणसं कुठं भेटतेत?"

"तूच तं महिनाभर नूर कॉलनी करून राह्यलता!"

"अन् तू ले-आऊट!"

महिन्याचं भांडण तसंच्या तसं राहिलं, फक्त भांडणाऱ्यांनी जागा बदलल्या.

"तुमी कुठंही राहा," विठ्ठलराव मधे पडले. "चाचा आमच्याकडं राह्यतीन."

"वा! चाचा इथं राह्यतीन," हमीदाबी म्हणाली.

चाचा सरसावून बसले. आता कोणीतरी दुसऱ्यांदा विचारणार! पण तनवीर पुढं झाला आणि अभिमानानं म्हणाला, "नाही काका, नाही खाला. अब्बा बोरी सोडत नसतेत. सगळ्या गावासमोर शबद देला त्याइनं. आम्ही त्याइले जबरदस्ती करणार नाही." आणि त्यानं बापाच्या हातात बसचं तिकीट ठेवलं. त्यानं ते येतानाच काढून आणलं होतं.

एवढा आज्ञाधारक मुलगा अल्लानं कोणत्याही बापाला देऊ नये.

चाचांनी वळकटी बांधली. गाठ तीनदा सुटली. "येतो," ते म्हणाले, आणि भिंतींनी या वेळी उत्तर दिलं नाही; खोलीत आता माणसं होती.

दारात अतिया उभी होती. तिनं सासऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग त्या गाठीकडे, आणि वळकटीच ओढून घेतली.

"कुठं चालले, अब्बा? पारख अर्धीच झाली."

"आठ दिवस तं झाले."

"आठ दिवसांत मोहल्ला कळते का? उन्हाळ्यात नळ येते का पाह्यलं? पावसाळ्यात गल्ली तुंबते का पाह्यलं? ते कोण पाहीन? आमी सध्या इथं राहतो. तुमी इथं बसून ले-आऊटबी पाहा अन् नूर कॉलनीबी पाहा. पक्कं झालं की सांगा."

"पण बोरी..."

"बोरी कुठं सोडाची म्हणते मी? तुमी बोरीचेच. फक्त कामासाठी आले."

चाचांनी बराच विचार केल्यासारखं केलं. गळा खाकरला. "तुमी म्हणता तं उन्हाळ्यापर्यंत पाहतो," ते म्हणाले, "पण मी काही इथला रहिवाशी नाही."

उन्हाळा आला, गेला. पावसाळा गेला. चाचा अधूनमधून बोरीला जात, कुलूप काढत, खाटेवर थोडं बसत. घरात कोणी खोकत नसे, कोणी भांडत नसे. मग ते दुपारच्याच बसनं परत येत, आणि विचारलं तर सांगत, "बोरीत सारं बरं आहे. मलेच इथं कामं पडले."

आता शादाबला मिसरूड फुटलं आहे. कॉलनीत नवं बिऱ्हाड आलं, की त्यातला माणूस वळकटी खाली ठेवून पहिल्यांदा ओट्यावरच्या म्हाताऱ्यालाच विचारतो, "चाचा, मोहल्ला कसा आहे?"

चाचा बिडी विझवतात. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवतात.

"घाई नका करू," ते म्हणतात. "मी पाहूनच राह्यलो."