पुनाची सुरी आणि रावेरची केळी

लोखंडातलं मला फार कळतं. जळगावात निदान दोन गल्ल्यांना हे ठाऊक आहे, कारण त्यांना मीच सांगितलं आहे.

म्हणूनच दुकानातली चकचकीत सुरी न घेता मी चोपड्याच्या पुना लोहाराकडून एक घडवून घेतली. ट्रकच्या कमानीचा जुना पाटा त्याने भट्टीत लाल केला, घणाखाली चपटा केला, तेलात बुडवून धारेला पाणी दिलं आणि बाभळीची मूठ बसवली. तीन दिवस मी शेजारी स्टुलावर बसून सूचना देत होतो. शेवटी तो म्हणाला, "आबा, सगळं बठ्ठं तुमीच सांगशात, तं मी काय करू?" कलावंत असेच हळवे असतात.

सुरीचं उद्घाटनही तोलामोलाचं हवं होतं. आमची मुलगी रूपा पुण्याला नोकरी करते. तिचे होणारे सासरे, रावेरचे नवलभाऊ, पहिल्यांदाच आमच्याकडे जेवायला आले, ते स्वतःच्या बागेतल्या कच्च्या केळींच्या दोन फण्या घेऊन. त्याच बागेत सकाळपासून कापणी चालू होती आणि बांधावर व्यापाऱ्याची गाडी उभी होती.

भाजी मीच चिरणार, असं जाहीर करून मी आमच्या सौ. कुंदाबाईंना स्वयंपाकघरातून बाहेर पाठवलं. त्या वाद न घालता गेल्या. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं!

चकत्या अशा पडल्या की आरपार पेपर वाचावा. त्या ताटात मांडून ठेवल्या. नवलभाऊंनी सुरीचा तोल पाहिला, नखावर धार पाहिली. मी त्यांना भट्टीपासून मुठीपर्यंत सगळी हकीकत ऐकवली. वीस मिनिटं लागली. मग दोघांनी ताटाकडे पाहिलं.

चकत्या काळ्या पडल्या होत्या. कढईच्या बुडासारख्या!

नवलभाऊ हळूच म्हणाले, "व्याही, हा रोग आहे."

क्षणभर माझी नजर सुरीकडे गेली. चीक लागून तीही निळीकाळी झाली होती. पण तीन दिवस स्टुलावर बसलेल्या माणसाने असल्या शंका घ्यायच्या नसतात. "मुळातूनच आला असणार," मी गंभीरपणे म्हणालो.

खात्री करायला दुसऱ्या फणीतलं एक केळं चिरलं. थोड्या वेळात तेही काळं. मग उरलेली सगळी चिरली. पुरावा वाढतच गेला.

नवलभाऊ ओट्याला टेकले. रोगट माल गेला तर रावेरात नाव जाईल, म्हणाले. असं तोंड घेऊन मांडवात कसं उभं राहायचं? लग्न पुढच्या वर्षावर ढकललेलं बरं. केळींचं काय व्हायचं ते होवो, पण आमचा हॉल ठरला होता!

त्यांनी घरी फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडे विहीणबाई, सुंदरबाई.

"गाडी थांबव. केळी आतून काळी निघाली."

"चिरली कोणी?"

"व्याह्यांनी. चांगली लोखंडाची सुरी आहे."

"चिरून पाण्यात टाकली?"

नवलभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी नळाकडे पाहिलं.

"लोखंडानं चिरलं न् उघडं ठेवलं तं काळं पडीनच," फोन म्हणाला. "चाळीस वर्षं केळी लावली तुम्ही, एक तरी चिरली का? गाडी केव्हाच भरून गेली." आणि बंद झाला.

कुंदाबाई दारात उभ्या होत्या. किती वेळ, ते विचारायचं धाडस झालं नाही. त्यांनी ताटं पाहिली, परात पाहिली, सिंकजवळचा ढीग पाहिला.

"केळी तीस," त्या शांतपणे म्हणाल्या, "आणि जेवणारी माणसं तीन."

लग्नाची तारीख कायम राहिली. भाजीही राहिली. नवलभाऊंना दोन मोठे डबे भरून दिले, तरी आम्हाला ती गुरुवारपर्यंत पुरली.