आयत्या वेळचा विषय : सातवे दार

टाकवे बुद्रुकच्या शाळेत १९१६ साली एक गंभीर प्रकार उघडकीस आला. शनिवारची हजेरी शंभर टक्के भरत होती.

खात्याचा अनुभव असा, की मुले शाळेत नसतात आणि हजेरीपटात असतात. इथे पटावरची सगळी मुले प्रत्यक्ष बसलेली पाहून शाळा तपासायला आलेले दिपोटीसाहेब हबकले. चौकशीअंती निष्पन्न झाले, की अल्लाबक्ष मास्तर शनिवारी शेवटच्या तासाला गोष्ट सांगतात. ही गोष्ट कोणत्याही मंजूर पुस्तकात नव्हती आणि वर्ष उलटले तरी संपलेली नव्हती.

गोष्टीतला धनगर सात दारांचा किल्ला चढत होता. पहिल्या दारापाशी मास्तरांनी अख्खा पावसाळा काढला. तिसऱ्या दारावरच्या पहारेकऱ्याला मिशा होत्या. त्या मिशांना दोन शनिवार लागले. मुले चडफडत, मास्तरांच्या नावाने बोटे मोडत, आणि पुढच्या शनिवारी अंगात ताप असला तरी येऊन बसत. शेवटी एकदाची धनगराने सातव्या दारावर थाप मारली. आतून अडसर सरकू लागला आणि तास संपला. सोमवारी मास्तरांच्या बदलीचा हुकूम आला. कारणाच्या रकान्यात ‘अवाजवी हजेरी’ असे लिहिले होते.

सोपान तेव्हा चौथीत होता. आता तो बत्तीस वर्षांचा, भातखाचरांचा मालक आणि बायकोमुलांचा धनी होता, पण जीव त्या दाराशीच अडकलेला. घरच्या दाराचा अडसर सरकला की तो अजून दचकून मान वर करी. येई ती बायको, रतनबाई. दोघांनाही बरे वाटत नसे.

अशात खबर आली, की अल्लाबक्ष मास्तर पेन्शनीत निघाले असून लोणावळ्याला बाजारामागे एका खोलीत एकटेच राहतात. गावाजवळच्या कामशेतहून लोणावळा दुसरे स्टेशन. जावे, विचारावे आणि परतीच्या गाडीने यावे, एवढेच काम होते. पण बाप्या माणसाने गोष्ट विचारायला जायचे म्हणजे गावात तोंड दाखवायची सोय राहिली नसती. चौथीच्या त्या वर्गातल्या सगळ्यांचे हेच दुखणे होते, आणि सगळ्यांनी ते एकमेकांपासून लपवले होते. तेव्हा सर्वानुमते मास्तरांचा सत्कार करायचे ठरले.

ज्याचे जाजम तो अध्यक्ष, या रिवाजाने त्याच वर्गातला नथू अध्यक्ष झाला. समिती नेमली गेली. कार्यक्रमपत्रिकेत चौदा विषय होते. चौदावा होता, ‘आयत्या वेळी येणारे विषय, अध्यक्षांच्या परवानगीने’. सातवे दार त्यात होते.

सत्काराच्या दिवशी मास्तरांना बैलगाडीतून मिरवत आणले. दुपारची भाकरी सोपानच्या घरी झाली. मग भाषणे सुरू झाली.

आवडत्या मास्तरांची आठवण छडीशिवाय सांगायची नसते, असा आपल्याकडचा दंडक आहे. वास्तविक अल्लाबक्ष मास्तरांनी जन्मात छडीला हात लावला नव्हता. ती कोपऱ्यात उभी असे आणि मुले तिच्यावर टोप्या अडकवत.

“आज मी जो काय हाय,” नथू म्हणाला, “तो मास्तरांच्या दोन छड्यांनी हाय.”

पुढच्या वक्त्याला दोन छड्यांवर थांबणे शक्यच नव्हते. त्याने पाच सांगितल्या. बजरंगने हातावरचा व्रण दाखवला. तो गेल्या वर्षी विळा लागून उठला होता. सोपानची पाळी आली तेव्हा आकडा चाळीसवर गेलेला होता. एकट्याने कमी सांगावे तर मास्तरांचे आपल्यावर प्रेम नव्हते असे ठरणार. त्याने पन्नास सांगितल्या आणि टाळ्या घेतल्या.

ऊन कलले. मास्तरांच्या आगगाडीची वेळ झाली. मास्तर उत्तराला उठले.

“बाळांनो,” ते म्हणाले, “मी तुम्हाला इतकं मारलं, हे मला आठवतच नाही. म्हातारपण, दुसरं काय. पण तुम्ही सगळेच सांगताय, म्हणजे मारलं असणार. मला माफ करा.”

त्यांनी एकेकाचे नाव घेऊन माफी मागितली. सोपानपाशी त्यांना जास्त वेळ लागला, कारण त्याच्या छड्या जास्त होत्या. सोपानला मेल्याहून मेल्यासारखे झाले, पण टाळ्या घेतलेल्या छड्या परत कशा करणार? तेवढ्यात गाडीवानाने बैल जुंपले. आयत्या वेळचा विषय वेळेअभावी पुढील सभेपुढे ठेवण्यात आला.

संध्याकाळी सोपान उंबऱ्यावर डोके धरून बसला.

“आता दारामागं कोन व्हतं, ते काय कळत न्हाई,” तो म्हणाला.

“मी इचारलं की,” रतनबाई म्हणाली. “दुपारी भाकरी वाढताना.”

सोपान उठून उभा राहिला. “मग? काय म्हनले?”

“म्हनले, बाई, मलाबी ठावं नव्हतं. सोमवारी पोरान्लाच इचारनार व्हतो, तर बदली झाली. मग वाटलं, येकांदा तरी पोरगा येऊन सांगंल. लोनावळा काय लांब न्हाई. दारावर थाप पडली, की म्हातारा म्हनं उठून अडसर काढतोय. दूधवाला असतोय.”

सोपानने दाराच्या अडसरावरून हात फिरवला. मग येत्या शनिवारी पहिल्या गाडीने लोणावळ्याला जायचे त्याने ठरवले.

शुक्रवारी समितीची सभा झाली आणि राहिलेल्या विषयात सोपानने ही हकिगत सांगितली. रतनबाईचे नाव शाळेच्या पटावर नसल्याने तिच्याकडून आलेली माहिती ग्राह्य धरता येत नाही, असे ठरले. मास्तरांना रीतसर पत्र धाडावे आणि उत्तर येईतो कोणाही सभासदाने परस्पर लोणावळ्यास जाऊ नये, असा ठराव नथूने मांडला. तो एकमताने मंजूर झाला. सोपानने सही केली. पत्राचा मसुदा अजून चालू आहे. मायना ‘पूज्य’ असावा की ‘वंदनीय’, यावर दोन तट पडले आहेत.

सोपानला हसण्यापूर्वी वाचकांनी कृपा करून एवढेच करावे. आपले आवडते मास्तर हल्ली कुठे राहतात, ते आठवून पाहावे. भाषण तर तयार असेलच.