चंद्रीच्या पाठीवर दुसरं कोण?

घोड्यावर बसायला काय लागतं? मांडीत जोर आन् डोक्यावर हेल्मेट, बास! हनुमंतनं चारचौघांत हे सांगून टाकलं होतं. वर 'शिर सलामत तो पगडी पचास' हेही ऐकवलं होतं. कुरकुंभच्या ज्या कंपनीत तो शिफ्टला जायचा, तिथं सुरक्षा दिनाला सगळ्यांना स्कूटरची हेल्मेटं वाटली होती. काळीभोर, अख्खं तोंड झाकणारी, पुढं काच. गड्याकडं स्कूटर नव्हती. घोडी होती.

घोडी आबांची, म्हणजे त्याच्या वडलांची. मेंढरं कवाच गेली होती, आबा दिवाळीच्या तोंडावर गेले, चंद्री तेवढी मागं राहिली. ती कुणाला पाठीवर बसू देईना. बायको गिताबाईचं म्हणणं, बसून खाणारी घोडी कशाला, व्यापारी मागतोय तर देऊन टाका. शेवटी गावातल्या जाणत्या मल्हारमामांनी तोड काढली. रविवारी सकाळी हनुमंतनं चंद्रीवर बसून मळ्यातून राहू गावच्या पारापर्यंत यायचं. आला तर घोडी राहील, न्हाईतर तिथूनच व्यापारी नेईल. हनुमंत कबूल झाला. आबांचं म्हणावं असं जितंजागतं तेवढंच उरलं होतं.

रविवारी थंडी मरणाची. त्यानं आबांचं घोंगडं पांघरलं, हेल्मेट चढवलं, काच खाली ओढली. चंद्रीनं घोंगडं हुंगलं आन् गुमान उभी राहिली. हा हेल्मेटचाच वचक, असं समजून गडी ऐटीत वर बसला.

पाटाच्या कडेनं दोन शेतं गेली नसतील, तोच धुकं उतरलं. असं धुकं त्यानं जन्मात बघितलं नव्हतं. ऊस गेला, वाट गेली, घोडीचे कान दिसेनात. आन् मागं कुणीतरी धापा टाकायला लागलं. अगदी कानाशी. हनुमंतनं दम रोखला. मागच्यानंही रोखला. त्यानं सोडला, मागच्यानंही सोडला. मागं वळून बघायचं नसतं, एवढं त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

"कोण हाय?"

"...हाय," घागरीत बोलल्यासारखा आवाज आला.

घोंगड्याला आबांचा वास येत होता. हनुमंतच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"आबा, तुम्ही हाय व्हय?"

"...व्हय."

मग मात्र त्याला राहवलं न्हाई. तुम्ही आजारी असताना मी ओव्हरटाइमला गेलो, शेवटचं पाणीसुद्धा माझ्या हातनं मिळालं न्हाई, असं म्हणत तो हमसून रडला. मागचाही त्याच्या बरोबरीनं रडला. रडून मोकळं झाल्यावर त्यानं लगाम सोडून दिला. आता तुम्हीच न्या, म्हणाला. चंद्री संथ चालत राहिली. बऱ्याच वेळानं ती आपसूक थांबली.

"आबा, एक काम करा," तो गयावया करत म्हणाला. "गिताच्या सपनात जावा आन् सांगा, घोडी द्यायची न्हाई. मला सांगता येत न्हाई. मी तिला लई भितो."

कुणीतरी पुढून काच वर उचलली.

लखलखीत ऊन पडलं होतं. धुकं गेलं, धापा टाकणाराही गेला. समोर राहूचा पार, पारावर निम्मं गाव, कडेला व्यापारी. लगामाजवळ गिताबाई तोंडाला पदर लावून उभी. ती रडत होती का हसत होती, ते कळेना.

"आज कुठलं धुकं?" काच धरलेले मल्हारमामा म्हणाले. "तुझ्याच त्वांडाची वाफ ती."

हनुमंत घोंगड्यात शिरता येईल तेवढा शिरला. मामांनी व्यापाऱ्याला हात जोडून वाटेला लावलं आन् ते गिताबाईकडं वळले.

"पोरी, घोडी ठेव. तुमच्या घरात एकाला तरी वाट दिसती."