कणसांचा दिवा

"शनिवारी सकाळी दहाला टाकाऊ कणसांवर दिवा पेटवून दाखवते! नाही पेटला तर नावाची केमिस्ट नाही!" सूनबाईंनी जेवता जेवता जाहीर केलं. झालं! सासऱ्यांनी ते फिरायला येणाऱ्या चारही मित्रांना सांगून टाकलं.

सासरे तीस वर्षं बॉयलर सांभाळून निवृत्त झालेले. शुक्रवारी ते सुनेचा विसरलेला चष्मा द्यायला प्रयोगशाळेत गेले, ते परत निघेचनात!

"ही काळी भुकटी कसली गं?"

"उत्प्रेरक, बाबा. कणसांतून काढलेल्या साखरेचं हायड्रोजनशी लग्न लावून देतो आणि स्वतः होता तसाच राहतो."

"जेवतसुद्धा नाही?"

"नाही!"

"मग लग्नाला येतो कशाला?"

शनिवारी पाचही म्हातारे हजर. तपासणीबिपासणी न करता सूनबाईंनी पोलादी भांड्यातला द्रव दिव्यात ओतला आणि काडी लावली. विझली. दुसरी विझली. तिसरी तर आत पडून बुडाली! एका मित्राने, निवृत्त सुताराने, सांडलेल्या थेंबाला बोट लावून जिभेवर ठेवलं.

"अहो, हा तर पाक!"

"चाटू नका!" सूनबाई ओरडल्या आणि तशाच थबकल्या. गोड? गोड कसं? धावत जाऊन त्यांनी तापमानाची नोंद काढली. शुक्रवारी चार वाजता रेघ दाणकन खाली आली होती.

"चारला आच कुणी कमी केली?"

सासरे छताकडे बघू लागले. "काटा लाल रेषेकडे निघाला होता गं... हाताला राहवेना."

"बाबा! म्हणूनच साखर अर्ध्या वाटेत थांबली. झालं अल्कोहोलच, पण गोड आणि न जळणारं!"

"गोड अल्कोहोल?" पाचही खुर्च्या पुढे सरकल्या. हसं झालेलं कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही, दुपारपर्यंत नुसते प्रश्न!

पण नऊ दिवसांनी, सोमवारी, ते पोलादी भांडं दुसऱ्या विभागाकडे जायचं होतं. संधी एकच उरली. सूनबाईंनी आठवडाभर आचेवर पहारा ठेवला.

दुसरा शनिवार. खिडकीतून लख्ख ऊन. काडी लावली, सगळ्यांनी श्वास रोखले. दिव्यावर काहीच दिसेना!

"जाऊ दे पोरी, होतं असं," सुतारकाका पुटपुटले. सूनबाईंचा चेहरा पडला.

सासऱ्यांना ते बघवेना. "थांबा हो, वात नीट बसली नसेल," म्हणत त्यांनी ती चिमटीत धरली.

"आई गं!"

"भाजलं?" सूनबाई उडाल्याच. "बाबा, खरंच भाजलं?"

"अगं, चटका बसला चांगला!"

"मग पेटलाय! दिवा पेटलाय!" त्यांनी पडदा ओढला. अंधारात इवलीशी निळी ज्योत शांतपणे जळत होती. उन्हात ती दिसलीच नव्हती! म्हाताऱ्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला, आणि नळाखालचं बोट काढून सासऱ्यांनीही.

संध्याकाळी मलम लावता लावता सासूबाईंनी विचारलं, "यांचं बोट भाजलंय आणि तू हसतेस काय गं?"

तीन पदव्या घेतलेल्या सूनबाईंनी प्रयोगवहीत लिहिलं: दिवा पेटल्याचा पुरावा, बाबांचं बोट.